ऐतिहासिक नाटकाचं जिवंत संगीत आणि ध्वनी: पहिल्या वाचनापासून प्रयोगापर्यंतचा क्रम

हौशी संस्थांच्या ऐतिहासिक नाटकांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा कानावर येतं. तलवार उपसली की तुतारी, दरबार भरला की नगारा, कुणी पडलं की सारंगी, आणि या सगळ्याखाली सिंथेसायझरचा अखंड घोंगावणारा स्वर. नटाचं वाक्य त्यात बुडून जातं. याचं मूळ बहुतेक वेळा क्रमात असतं. नेपथ्य ठरतं, कपडे शिवून येतात, तलवारबाजी बसते आणि शेवटच्या आठवड्यात संगीत आठवतं. वादक आणि नट रंगीत तालमीलाच पहिल्यांदा एकमेकांना ऐकतात.

पुढचा क्रम त्यासाठीच लिहिला आहे. प्रयोगाच्या निदान सहा आठवडे आधी सुरुवात करायची, हे धरून चाला. सगळीकडे एकच नियम लागू आहे: आधी वाक्य ऐकू आलं पाहिजे, उरलेल्या जागेत संगीत बसवायचं.

उदाहरण म्हणून नागपूरच्याच इतिहासातला प्रसंग घेऊ. समजा, तुमचं दोन अंकी नाटक सीताबर्डीच्या लढाईवर आहे. २६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ ते २७ तारखेची दुपार. एकीकडे महाल भागातला अप्पासाहेब भोसल्यांचा वाडा, दुसरीकडे भोसल्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, जेंकिन्स याच्या फौजेने धरलेल्या दोन टेकड्या. दोन्ही ठिकाणी तीच लढाई ऐकू येते, पण वेगवेगळी. ध्वनीचं सगळं काम या फरकावर उभं राहू शकतं.

टप्पा १: संहिता कानाने वाचा

पहिल्या वाचनाला संगीत दिग्दर्शक हजर हवा. तो नसेल तर वाचन पुढे ढकला. त्याच्या हातात चार रंगांच्या पेन्सिली द्या.

एका रंगाने पात्रांना ऐकू येणारे आवाज खुणावा: देवडीवरची नौबत, तोफ, घोड्यांच्या टापा, देवळातली घंटा. दुसऱ्या रंगाने फक्त प्रेक्षकांना ऐकू येणारं संगीत. तिसऱ्या रंगाने संवादातच ज्याचा उल्लेख आहे तो ध्वनी. "ऐका, टेकडीवर तोफ डागली" असं वाक्य असेल, तर तोफ वाक्याआधी वाजली पाहिजे आणि पात्राने ती ऐकली पाहिजे. चौथा रंग शांततेचा. ही खूण लोक हमखास विसरतात. जिथे काहीही वाजणार नाही अशा जागा आधीच ठरवून राखून ठेवल्या नाहीत, तर त्या पुढच्या तालमींत एकेक करून भरल्या जातात.

मग पान उलटा आणि मोजा. दुसऱ्या रंगाच्या खुणा पहिल्यापेक्षा जास्त झाल्या असतील तर काम चुकीच्या दिशेने चाललं आहे. पात्रांच्या जगातून आलेला आवाज काळ उभा करतो, वरून ओतलेलं पार्श्वसंगीत फक्त भावना सांगतं. ती भावना नट आधीच सांगत असतो.

तपासणी: एक पूर्ण प्रवेश कसल्याही संगीताशिवाय नटांकडून वाचून घ्या. जिथे खरोखर उणीव जाणवेल तिथेच नवी खूण करा.

टप्पा २: काळ आणि जागा तपासा

यादीतल्या प्रत्येक आवाजाला दोन प्रश्न विचारा. हा त्या साली होता का? आणि तो या ठिकाणी, या ऋतूत ऐकू आला असता का?

पेटीपासून सुरुवात करा. हार्मोनियम हे वाद्य युरोपातच १८४० च्या दशकात आलं, आणि हाताच्या भात्याची आपली पेटी त्याहून नंतरची. म्हणजे १८१७ च्या दरबारात गवयापुढे पेटी दिसता कामा नये. तिथे तंबोरा, सारंगी, पखवाज बसवा. तुमचं नाटक संगीत नाटकाच्या रीतीने पदं घेणारं असेल, तर प्रेक्षकांना न दिसणारा ऑर्गन किंवा पेटी साथीला चालते, कारण ती रंगभूमीची रूढी आहे आणि प्रेक्षक ती मानतात. दृश्यात आणि साथीत काय चालतं, हे मात्र दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं.

इंग्रजांच्या बाजूला ढोल, बासरीसारखी फाइफ आणि बिगुल पुरे. इंग्रज आले की बॅगपाइप लावण्याची सवय सोडा. सीताबर्डीवर मद्रास आणि बंगालच्या देशी पलटणी लढत होत्या, स्कॉटलंडचे हायलँडर नव्हते. भोसल्यांच्या बाजूने अरब शिपाई होते. गर्दीचा आवाज ध्वनिमुद्रित करताना सगळ्यांच्या तोंडी एकच घोषणा देऊ नका. दोन बाजूंचा कोलाहल अंधारातही ओळखू आला पाहिजे.

आता बंदुका. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारानंतर दारू आणि गोळी पुन्हा ठासावी लागते. कवायती शिपायालाही मिनिटाला दोन-तीन बारांपलीकडे जाता येत नाही, पेटत्या वातीने उडणाऱ्या तोड्याच्या बंदुकीला तर आणखी वेळ लागतो. म्हणून सतत तडतडणारी गोळीबाराची तयार फीत त्या काळाची वाटतच नाही. एक फैर, मग माणसांचे आवाज, हुकूम, गज ठासल्याचा खडखडाट, मग पुढची फैर, अशी रचना करा. मधल्या मोकळ्या वेळात संवाद बसतात, हा नाटकाला मिळणारा मोठा फायदा.

तोफेचा विचार मी सगळ्यात जास्त वेळ करायला सांगेन. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. महालातल्या वाड्यापासून सीताबर्डीची टेकडी सरळ रेषेत दोन-अडीच किलोमीटर आहे. म्हणजे वाड्याच्या सज्जातून तोफेची चमक दिसली, तर आवाज सुमारे सात सेकंदांनी येईल. आणि येईल तो धडाका नव्हे. लांबवर जाताना आवाजातला तीक्ष्ण भाग विरतो, तेव्हा पोहोचतो तो जड, बोथट हुंकार. हे सात सेकंद लेखक-दिग्दर्शकाला द्या. चेहऱ्यावर चमक पडते, बाई वाट पाहते, एखादं छोटं वाक्य बोलते, आणि मग दणका येतो. टेकडीवरच्या प्रवेशात हीच तोफ चमकेबरोबर, कोरडी आणि कान फाडणारी हवी. दोन्ही प्रवेशांना एकच फाइल लावली की हा सगळा अवकाश सपाट होतो.

रात्रीचे आवाज निवडतानाही ऋतू पाहा. नोव्हेंबरच्या रात्री रातकिडे, टिटवी, लांबची कोल्हेकुई चालेल. कोकिळेची साद वसंतातली, पहाट झाली म्हणून ती लावू नका. बेडूक पावसाळ्यातले. इंटरनेटवरून घेतलेल्या 'रात्रीच्या वातावरणात' अनेकदा परदेशी पक्षी असतात आणि खाली दूरच्या रस्त्याची घरघर असते. तेव्हा हेडफोन लावून फीत शेवटपर्यंत ऐका. शहराबाहेरच्या एखाद्या शेतात जाऊन स्वतः मुद्रण केलंत तर उत्तमच, फक्त आगगाडीची शिटी गाळा. नागपुरात रेल्वे १८६७ साली आली.

आणखी एक छोटी गोष्ट. तलवार उपसताना सिनेमात ऐकू येणारा धातूचा लांबट 'श्रिंग' आवाज घालू नका. म्यानं बहुधा लाकडाची आणि वरून कातडं किंवा मखमल चढवलेली असत. तलवार त्यातून घासत, जवळजवळ निःशब्द निघते. पातं पात्यावर आदळल्याचा आवाज तेवढा खरा.

इशारा: नाटक गोंड राजवटीवर, म्हणजे बख्त बुलंद शाहच्या काळावर असेल, तर त्याला मराठेशाहीचा चौघडा आणि तुतारी चिकटवू नका. गोंडांच्या कथा गाणारे परधान आणि त्यांचं किंगरी हे तंतुवाद्य ही स्वतंत्र परंपरा आजही आहे. त्या वादकांशी बोला आणि शक्य असेल तर त्यांनाच बोलवा. त्यांच्या वाद्याची नक्कल सिंथेसायझरवर करणं टाळा.

टप्पा ३: जिवंत काय, ध्वनिमुद्रित काय

कसोटी सोपी आहे. जे नटाच्या गतीवर अवलंबून आहे ते जिवंत ठेवा. नट आज तीन पावलांत खाली येईल, उद्या पाच घेईल. वादक त्याच्याबरोबर थांबेल, फाइल थांबणार नाही. प्रवेश, निर्गमन, द्वंद्व, पोवाडा, दरबारातलं गाणं, जवळून जाणारा घोडा हे सगळं जिवंत.

लांबच्या तोफा, रात्रीचं वातावरण, मोठा जमाव, दारूच्या गाड्याचा स्फोट हे ध्वनिमुद्रित. यांना दिशा आणि अंतर लागतं, ते स्पीकरच्या जागेवरून चांगलं मिळतं.

एकच वाद्य दोन्हीकडे वापरू नका. विंगेत जिवंत नगारा आणि पुढच्या प्रवेशात मुद्रित नगारा असेल तर फरक प्रेक्षकाच्या लगेच कानात भरतो, आणि मग त्याला जिवंत नगाराही खोटा वाटू लागतो.

घोड्यासाठी नारळाच्या करवंट्या अजूनही सगळ्यात उत्तम, पण त्या फळीवर आपटू नका. उथळ पेटाऱ्यात मुरूम आणि थोडं वाळलेलं गवत घालून त्यावर वाजवा. चालणाऱ्या घोड्याचे चार ठोके सारख्या अंतराने पडतात, दुडकीत दोन-दोनच्या जोड्या होतात, भरधाव पळताना ठोके झपकन एकत्र येतात आणि मग क्षणभर काहीच ऐकू येत नाही. तो मोकळा क्षण जमला की घोडा दिसायला लागतो. हे काम तालवादकाला द्या, मोकळ्या बसलेल्या नटाला नको.

टप्पा ४: वादक आणि पट्टी

चार माणसांत काम होतं. पखवाज-ढोलकी-संबळ सांभाळणारा एक, नगारा-झांज आणि टापा-पावलांसारखे आवाज काढणारा एक, सारंगी किंवा बासरीवर एक, आणि तुणतुण्यासह गाणारा शाहीर. आठ वादक आणून सगळ्यांना सतत वाजवत ठेवण्यापेक्षा हे चांगलं, कारण चौघे जण तालमींना येऊ शकतात.

नागपुरात वादक शोधताना वेळापत्रकाचा एक पेच लक्षात ठेवा. नाटकाला जिवंत साथ करण्यात ज्यांचा हात बसलेला असतो असे अनेक जण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, वाजवतात. तिकडचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पुढे होळीपर्यंत चालतो, आणि राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरीही सहसा याच सुमारास येते. वडसा-गडचिरोलीकडच्या वादकावर भिस्त असेल तर दसऱ्याआधीच तारखा पक्क्या करा. शहरातली भजनी मंडळं आणि संगीत विद्यालयंही विचारून पाहा. पखवाज आणि झांजेची चांगली माणसं तिथे मिळतात.

पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ 'सा', गायक-नटावरून ठरवा, वाद्यावरून नको. मुख्य पात्राला गाऊन आणि लगेच बोलून दाखवायला सांगा. गाण्यातून संवादात येताना आवाज चढत असेल तर पट्टी उंच झाली. एकदा ठरली, समजा पेटीवरची काळी दोन, की तंबोऱ्याची फीत, बासरी आणि सगळे मुद्रित स्वर त्याच पट्टीत हवेत. संवादाखाली कुठे एकच स्वर धरला जाणार असेल तर तोही.

राग निवडताना प्रहर पाळला तर नाटकाला वेळेचं भान मिळतं. लढाईच्या रात्री मालकंस, पहाटे ललित, आणि शेवट दुपारचा असल्याने वृंदावनी सारंग. पराभवाचा प्रसंग म्हणून सवयीने करुण रागाकडे जाण्यापेक्षा भर दुपारचा सारंग जास्त टोचतो, असं माझं ठाम मत आहे. उन्हात सगळं लख्ख दिसत असताना राज्य हातचं जातंय, हे तो राग न बोलता सांगतो.

टप्पा ५: बसायची जागा

वादक कुठे बसणार हे नेपथ्याचा आराखडा पक्का होण्याआधी ठरवा. नंतर उरलेली जागा म्हणजे विंगेच्या मागचा अंधारा कोपरा, आणि तिथून नट दिसत नाही.

तालवादकाला मुख्य नटाचे हात आणि पावलं दिसली पाहिजेत. ही एकच अट सोडू नका. झाडीपट्टीत वादक रंगमंचाच्या पुढ्यातच असतात, म्हणून त्यांची साथ इतकी नेमकी पडते. सभागृहात पुढच्या एका बाजूला, पडद्याच्या अलीकडे, बुटक्या चौथऱ्यावर जागा मिळाली तर घ्या. विंगेतच बसावं लागलं तर पहिल्या विंगेत बसवा.

नगारा मात्र वेगळा, मागच्या विंगेत जाड सतरंजीवर. तो पुढे ठेवला तर पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला दुसरं काही ऐकू येत नाही. त्या वादकासाठी दोन दिव्यांची सोय करा: लाल म्हणजे सावध, हिरवा म्हणजे वाजव. हाताची खूण अंधारात दिसत नाही.

तपासणी: प्रत्येक वादकाच्या जागी स्वतः बसा आणि एका नटाला रंगमंचावर चालवा. दिसेनासा झाला ती जागा खडूने खुणावा.

टप्पा ६: तालमींचा क्रम

पहिले दोन आठवडे वादकांनी फक्त ऐकायला यायचं. वाद्यं आणली तरी झाकलेली. संवादाची लय त्यांच्या कानात बसू द्या.

तिसऱ्या आठवड्यापासून आधी पात्रांच्या जगातले आवाज जोडा: नौबत, घोडे, पावलं. ते बसल्यावर गाणी आणि पोवाडा. पार्श्वसंगीत सगळ्यात शेवटी. बरेच जण नेमकं उलट करतात. पार्श्वसंगीत आधी आलं की नट त्याच्यावर विसंबू लागतात, आवाज खाली आणतात, आणि मग ते काढून घेता येत नाही.

सुरुवात आणि शेवट कशावर, हे शब्दावर बांधा. "अप्पासाहेब भावनिक होतात तेव्हा सारंगी" ही सूचना निरुपयोगी आहे. "'फौज' या शब्दानंतर श्वास, मग सारंगी, जेंकिन्सचा खलिता खाली पडला की बंद" ही सूचना उपयोगी. संगीत कुठे थांबतं हे कुठे सुरू होतं यापेक्षा जास्त काळजीने ठरवा. सम गाठून थांबलेला ठेका प्रवेश मिटवतो. मधेच तोडलेला ठेका प्रेक्षकाला पुढे ढकलतो. दोन्ही हवे असतात, पण ठरवून.

संवादाखाली वाजवताना वादकाने नटाच्या आवाजाच्या पट्टीत शिरू नये. पुरुष बोलत असताना सारंगी खर्जात घुटमळली की शब्द गढूळ होतात. ती वर घ्या किंवा गप्प ठेवा. पखवाजाचे उघडे बोल वाक्यांच्या मधल्या फटीत टाका.

इशारा: द्वंद्वाच्या तालमीत तालवादकाने नटांच्या मागे जायचं, पुढे नाही. ठेका वाढला की तलवारी वाढतात, आणि तलवारी वाढल्या की अपघात होतात. वेग द्वंद्व बसवणाऱ्याने ठरवायचा आणि तो दर तालमीला तोच ठेवायचा.

टप्पा ७: फाइली आणि क्यू शीट

क्यू म्हणजे आवाज किंवा दिवा सुरू-बंद करण्याची ठरलेली खूण, आणि क्यू शीट म्हणजे त्यांची क्रमवार यादी. फाइली ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह स्वरूपात ठेवा. एमपी३ च्या सुरुवातीला काही वेळा बारीकशी शांतता येते, आणि तोफेच्या क्यूला तेवढा उशीरही खटकतो. प्रत्येक फाइलची पुढची मोकळी जागा कापा. सगळ्यांची पातळी आधीच एकमेकींशी जुळवून घ्या, म्हणजे प्रयोगात ऑपरेटरला प्रत्येक वेळी आवाजाची मूठ वर-खाली करावी लागणार नाही.

क्यूंना १०, २०, ३० असे क्रमांक द्या. मधे नवा आला तर २५ घालता येतो, सगळी शीट पुन्हा लिहावी लागत नाही. प्रत्येक ओळीत इतकंच लिहा: क्रमांक, कोणत्या शब्दावर किंवा हालचालीवर, काय वाजणार, कोणत्या स्पीकरमधून, किती वेळात वर येणार, कशावर बंद होणार. वादकांचे क्यूही याच शीटमध्ये, वेगळ्या रंगात. दोन वेगळ्या याद्या केल्या की तिसऱ्या प्रयोगापर्यंत त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

लॅपटॉपवरचे सगळे संदेश आणि झोपेची सोय बंद करा. ब्लूटूथ वापरूच नका, तारेने जोडा. दुसऱ्या लॅपटॉपवर तीच मांडणी तयार हवी. ज्या पेन ड्राइव्हवर सगळं आहे तो ऑपरेटरच्या खिशात असू दे, बॅगेत नको.

एखादं जुनं मुद्रित गाणं किंवा दुसऱ्याने केलेलं संगीत वापरणार असाल तर परवानगी आताच घ्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. पारंपरिक चाल मोकळी असली तरी तिचं एखाद्या कंपनीने केलेलं मुद्रण मोकळं असतंच असं नाही.

टप्पा ८: सभागृहात मांडणी

वसंतराव देशपांडे सभागृह असो, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक असो की रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, मोकळ्या दिवशी एकदा जाऊन टाळी वाजवून या. रंगमंचाच्या मध्यावरून, पुढून आणि दोन्ही कोपऱ्यांतून. टाळीची शेपटी जिथे लांबते तिथे नगारा आणि वेगवान संवाद दोन्ही अडचणीत येतात. गॅलरीखालच्या शेवटच्या रांगेत बसून ऐकायला विसरू नका. कुठे शब्द हरवतात ते तिथे कळतं.

मांडणीच्या दिवशी क्रम असा ठेवा.

पहिलं, वीज. ध्वनीचा पुरवठा प्रकाशयोजनेच्या डिमरपासून वेगळ्या फेजवर मागा. दिवे मंद केले की स्पीकर गुणगुणतो, त्याचं कारण बहुधा इथेच असतं. सगळे दिवे अर्ध्यावर आणून पाच मिनिटं शांत ऐका.

दुसरं, विनामाइक माणूस. वातानुकूलन चालू ठेवा, कारण प्रयोगात ते चालू असणार. तुमच्या संचातला सगळ्यात हळू आवाजाचा नट रंगमंचाच्या मागच्या भागात उभा करा आणि शेवटच्या रांगेतून ऐका. या आवाजावर पुढचं सगळं मोजायचं आहे.

तिसरं, गरज असेल तर माइक. रंगमंचाच्या काठावर तीन जमिनीवरचे माइक मोठ्या सभागृहालाही बऱ्याचदा पुरतात. खाली स्पंजाचा तुकडा द्या, नाहीतर प्रत्येक पाऊल दणकेल. १०० ते १२० हर्ट्झखालचा भाग कापून टाका. मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे असावेत. स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरला की शिटी वाजते, आणि जेवढे माइक एका वेळी उघडे तेवढी ती लवकर: उघडे माइक दुप्पट झाले की शिटीआधीची मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते. म्हणून ज्या भागात कुणी नाही तिथला माइक बंद ठेवा.

कॉर्डलेस माइक ऐतिहासिक वेशात जपून. चिलखत, शेला आणि दागिने त्यावर घासतात. लावायचाच तर पगडीच्या काठाशी, कपाळावर लावा, छातीवर नको. आणि नव्या बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाला, उरलेल्या कितीही चांगल्या वाटल्या तरी.

चौथं, वाद्यं विनामाइक. नगारा, संबळ, तुतारी यांना माइक लागत नाही. बासरी, सारंगी, तुणतुणं कमी पडलं तर प्रत्येकी एक माइक, साधारण वीतभर अंतरावर. दोन माइकमधलं अंतर माइक ते वाद्य या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा.

पाचवं, मुद्रित आवाज. नटाला बोलतं ठेवून फीत हळूहळू वर आणा. संवादाखालचं संगीत किंवा वातावरण बोलण्यापेक्षा साधारण १० ते १५ डेसिबलने खाली असावं. ऑपरेटरला जरा कमीच वाटेल. त्याला संवाद पाठ असतात, म्हणून तो न ऐकू आलेले शब्दही ऐकतो. त्यासाठी नाटक पहिल्यांदाच ऐकणारा माणूस शेवटच्या रांगेत बसवा आणि त्याचं म्हणणं अखेरचं माना.

लांबच्या तोफा मुख्य स्पीकरमधून सोडू नका. रंगमंचाच्या मागे, पडद्याआड एक स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवा. तीक्ष्ण भाग आपोआप मरतो आणि अंतर तयार होतं. टेकडीवरच्या प्रवेशात मात्र पुढचे स्पीकर आणि मागचा, दोन्ही.

इशारा: बंद सभागृहात खरी दारू, फटाके किंवा बार वापरू नका. धुराच्या यंत्रालाही सभागृहाची आधी परवानगी घ्या. प्रयोग मैदानावर असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंद सभागृहाला जी सवलत आहे ती मैदानाला नाही. तेव्हा मध्यंतर धरून वेळ मोजा.

टप्पा ९: तांत्रिक तालीम

ही तालीम नटांची नाही, हे सगळ्यांना आधी सांगा. क्यू ते क्यू जा: मधले संवाद गाळा, क्यूच्या चार ओळी आधीपासून सुरू करा, चुकलं तर तिथेच पुन्हा. प्रकाश, ध्वनी आणि वादक तिघांनाही एकच माणूस सूचना देईल, तो म्हणजे रंगमंच व्यवस्थापक. "चाळीस, सावध" आणि मग "चाळीस, जा". दिग्दर्शकाने मधे ओरडून क्यू द्यायचे नाहीत.

चमक आणि तोफेतले सात सेकंद इथेच पक्के करा. प्रकाशाच्या क्यूनंतर ऑपरेटरने मनात मोजायचं नाही. क्यूमध्येच विलंब घालून ठेवा.

त्यानंतरची रंगीत तालीम न थांबता. काहीही बिघडलं तरी पुढे जा. लॅपटॉप बंद पडला तर काय, याचाही सराव याच दिवशी: प्रत्येक महत्त्वाच्या मुद्रित क्यूला वादकांकडे एक पर्याय हवा. तोफेऐवजी नगाऱ्याचा एकच, हाताने दाबलेला ठोका. स्पर्धेत मांडणीला वेळ मोजका मिळतो, म्हणून वाद्यं आणि तारा किती वेळात लागतात हेही घड्याळ लावून पाहा. प्रत्येक तारेवर पट्टी चिकटवून ती कुठे जाते ते लिहा.

टप्पा १०: प्रयोगाचा दिवस

वाद्यं निदान एक तास आधी रंगमंचावर, वातानुकूलन सुरू असताना, उघडी करून ठेवा. बाहेरून आणलेलं चामडं आतल्या हवेत सुर बदलतं. दमट हवेत ते सैलावतं आणि सूर उतरतो, कोरड्या हवेत ताणतं आणि चढतो. थंडीत बासरी उतरते, म्हणून ती वादकाने अंगाशी धरून गरम ठेवावी. आल्या आल्या लावलेला पखवाज तिसऱ्या घंटेपर्यंत लावलेला राहत नाही. पहिल्यांदा लवकर लावा, दुसऱ्यांदा पहिल्या घंटेआधी, आणि मध्यंतरात पुन्हा तपासा. हे सगळं पडद्याआड, हलक्या हाताने. प्रेक्षक बसल्यावर हातोडी ऐकू आली तर १८१७ उभं राहायच्या आधीच मोडतं.

प्रत्येक स्पीकरमधून एकेक आवाज सोडून तो योग्य दिशेने येतो का ते पाहा. सगळ्यांचे मोबाइल विमान मोडवर. मुरमाचा पेटारा, करवंट्या, झांज वादकाच्या उजव्या हाताला, दर वेळी त्याच जागी.

सभागृह भरलं की माणसं आणि कपडे आवाज पितात, विशेषतः तीक्ष्ण भाग. पहिल्या दोन-तीन मिनिटांत ऑपरेटरने मुद्रित आवाज किंचित वर घ्यावा. पण आधी संवाद पोहोचतोय का ते ऐकावं, मग हात लावावा.

प्रयोग संपल्यावर वाद्यं गाडीत चढवण्याआधी वादक, ऑपरेटर आणि रंगमंच व्यवस्थापक यांनी क्यू शीट समोर घेऊन बसा. कुठला क्यू उशिरा आला, कुठे नटाने वाक्य बदललं, कुठे नगारा जास्त झाला ते त्याच शीटवर पेन्सिलने लिहा. प्रत्येक अंक किती मिनिटांत झाला तेही नोंदवा. पुढच्या प्रयोगाची शीट या खुणांवरूनच तयार करा आणि जुनी शीट तारीख घालून जपून ठेवा.